संत्र्याच्या बगीच्यातलं दोरीचं मशीन

तिसरं मशीन सुरू झालं तेव्हा बापूसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. आधीच्या दोन मशीनच्या वेळी ते बसूनच होते.

भाद्रपदातली सकाळ होती. पोळा होऊन आठवडा झाला होता. पहाटे पाऊस पडून गेला होता आणि बगीच्यावर धुकं उतरलं होतं. गवत इतकं माजलं होतं की तीन वर्षांची संत्र्याची झाडं त्यात छातीपर्यंत बुडाली होती. नुसते शेंडे वर दिसत होते, ओळीने, नदीत अंघोळीला उतरलेल्या माणसांसारखे. मशीन त्या गवतात शिरलं. त्याला पातं नव्हतं. दोन चाकं, मागे हँडल, मध्ये पेट्रोलचं इंजिन, आणि पुढे एक गोल चकती. त्या चकतीला वीत वीत लांबीच्या जाड नायलॉनच्या दोऱ्या लावलेल्या. चकती फिरायला लागली की दोऱ्या दिसेनाशा व्हायच्या. हवेत एक धूसर भाकरी फिरते आहे असं वाटायचं. ती जवळ आली की गवत आडवं व्हायचं. कापलं जातंय असं वाटतच नव्हतं. झोप आल्यासारखं ते खाली बसत होतं, आणि त्यातून पांढरे पतंग उठून धुक्यात जात होते.

मी बघत राहिले. इतकी वर्षं गवत कापलं, पण गवत पडताना कधी उभी राहून पाहिलं नव्हतं. कापणाऱ्याला ते दिसत नाही.

मशीन चालवणारे तिवारीजी नागपूरच्या लकडगंजातल्या एका दुकानातून आले होते. ते ओरडून सांगत होते, "ब्लेड नाही साहेब, दोरी आहे. दगड लागला तर दोरी तुटेल. दुसरी लावायची. मशीनला काही होत नाही."

ही ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट आहे. तेव्हा आमच्याकडे अशी मशीन कोणी पाहिलेली नव्हती. बापूसाहेब राहायचे नागपुरातच, धरमपेठेत. काटोल रोडच्या आत त्यांचा चाळीस एकरांचा बगीचा होता. मी तिथे एकवीस वर्षं काम केलं. सुरुवातीला निंदणाला जायची, म्हणजे तण काढायला. नंतर मुकादम झाले. मुकादम म्हणजे बायांची टोळी सांभाळणारी. माझ्या टोळीत चौदा बाया होत्या. मी चौथी शिकलेली, हजेरी लिहिता यायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बोलणं मात्र मला कधी जमलं नाही. बायांना एखादं काम सांगायचं तर मी सांगायची नाही. मी स्वतः ते काम सुरू करायची. त्या बघायच्या आणि मागून लागायच्या. आमच्या टोळीत असंच चालायचं.

गवत कापायला मशीन कशाला, असं कोणी विचारेल. बैलाचं डवरं, म्हणजे कोळपं, का नाही चालवत? पावसाळ्यात काळ्या मातीत बैलाचा पाय रुततो. शिवाय संत्र्याची बारीक मुळं अगदी वर असतात. डवरं फिरवलं की ती तुटतात. म्हणून गवत उपटायचंही नाही, खणायचंही नाही. विळ्याने कापायचं. आम्ही एका टोकाने कापत निघालो की दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला पुन्हा गुडघाभर झालेलं असायचं. त्या वर्षी पावसाने उघडीपच दिली नाही. बापूसाहेबांचे दिवाणजी रोज म्हणायचे, मशीन आणा, मशीन आणा. शेवटी बापूसाहेबांनी डेमो ठेवला. डेमो म्हणजे घ्यायच्या आधी चालवून दाखवणं.

पहिलं मशीन बंगल्याच्या लॉनचं होतं. त्याला पुढे पात्यांचं एक पिंप होतं, ते लोळत लोळत कापायचं. आमच्या गवतात ते दहा पावलं गेलं आणि घास अडकल्यासारखं थांबलं. दुसऱ्याला खाली आडवं लोखंडी पातं होतं. ते चांगलं चाललं. पण जुन्या पाटाचा एक दगड गवतात लपलेला होता. पात्याने तो उडवला आणि तो दिवाणजींच्या कानाजवळून गेला. पुढचा डेमो दिवाणजींनी विहिरीच्या भिंतीमागून पाहिला.

राहिलं तिसरं, दोरीचं. बापूसाहेब म्हणाले, नवीन झाडांच्या ओळीत चालवा. तिथे चाललं तर सगळीकडे चालेल.

ही नवीन झाडं म्हणजे काय होती ते सांगायला पाहिजे. त्या जागी आधी बापूसाहेबांच्या वडिलांनी लावलेला बगीचा होता. तो डिंक्याने गेला. डिंक्या हा संत्र्याचा रोग आहे. झाडाच्या बुंध्याला जखम झाली आणि तिच्यावर पावसाळ्याची ओल बसली की साल सडायला लागते. सडलेल्या जागेतून डिंक वाहतो. साल एका बाजूने गेली तर झाड निभावतं. चारी बाजूंनी गेली तर उभ्या उभ्या वाळतं. अख्खा बगीचा चार वर्षांत असा वाळलेला मी पाहिला. तोडलेल्या झाडांची लाकडं बैलगाडीत भरून नेली तेव्हा बापूसाहेब आले होते. गाडीच्या मागे ते बरंच अंतर चालत गेले. मग परत आले आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

तीन पावसाळे मध्ये जाऊ दिल्यावर त्यांनी नवीन सहाशे झाडं लावली. ती सगळी आमच्या हातची. खड्डे आम्ही भरले, झाडं आम्ही धरली, माती आम्ही दाबली. या वेळी डिंक्या येऊ द्यायचा नाही म्हणून आम्ही बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायचो. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवला की निळसर लेप होतो, तो. लावला की सगळ्या झाडांचे पाय निळे दिसतात. मी टोळीत अजून एक रीत पाडली होती. प्रत्येकीच्या कमरेला पेस्टचा छोटा पत्र्याचा डबा. विळा चुकून सालीला लागला की तिथल्या तिथे बोटाने पेस्ट लावायची. कोणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. कोणाचा विळा लागला यावरून कोणी रागावणार नाही. रागावलं तर बाया जखम लपवतात, हे मला माहीत होतं. म्हणून आधी लावायचं, मग पुढे जायचं. तीन वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की डोळ्यांनी जखम पाहिली आणि बोट डब्यात गेलं, यात मध्ये काही विचार नसायचा.

तर तिवारीजी ओळीत शिरले. मशीनची खरी शान ते आता दाखवत होते. बुंध्याच्या अगदी जवळ जाऊन, झाडाला प्रदक्षिणा घातल्यासारखं मशीन फिरवून, ते तळचं गवतही साफ करत होते. विळ्याने जिथे आम्हाला बसून एक एक मूठ धरावी लागायची, तिथे ते घटकेत मोकळं. दिवाणजींनी मला खूण केली, मागे मागे जा आणि गवत बाजूला ओढ. मी गेले.

पहिल्याच झाडाला मला दिसलं. जमिनीपासून चार बोटं वर पेस्ट निघून गेली होती. खाली बोटभर रुंद ओली पट्टी होती, काकडी सोलल्यासारखी. विळ्याची जखम एका जागी असते. ही गोल फिरत गेली होती. माझं बोट डब्यात गेलं. मी पट्टीवर पेस्ट फिरवली. दुसऱ्या झाडाला तसंच. तिसऱ्याला तसंच. पुढे मशीनचा एकसारखा आवाज होता. धुकं होतं, कापलेल्या गवताचा गोड वास होता. मी एका झाडावरून दुसऱ्यावर जात होते. मला आठवतं, मला तेव्हा फार शांत वाटत होतं. हाताचं काम हात करत होते आणि मी कुठेतरी दुसरीकडे होते. लहानपणी आई सारवायला बसली की मी मागे बसून तिच्या हाताकडे बघत झोपून जायची, तसं काहीसं. ओळीत चाळीस झाडं होती. मी चाळीसच्या चाळीस झाडांना पेस्ट लावली.

मशीन बंद झालं तेव्हा कानात एकदम पोकळी झाली. बापूसाहेब ओळीतून चालत येत होते. ते प्रत्येक झाडाशी वाकत होते. चष्मा वर करून बघत होते. तीन-चार ठिकाणी त्यांनी बोटही लावलं. बोटाला निळं लागलं, ते त्यांनी रुमालाला पुसलं.

"एक ओरखडा नाही दिवाणजी," ते म्हणाले. "आणि पेस्टसुद्धा ताजी. वेणूचं काम चालूच असतं."

तेव्हा मला जाग आली. मी काय केलं होतं ते त्या क्षणी कळलं. जे त्यांना दिसायला पाहिजे होतं तेच मी झाकून टाकलं होतं. माझं बोट अजून डब्यात होतं. मी तोंड उघडलं. पण समोर बापूसाहेब, तिवारीजी, दिवाणजी, तिघे पुरुष, आणि बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी हसू. माझ्या तोंडातून काही निघालं नाही.

तिथेच ठरलं. दोन मशीन घ्यायची. तिवारीजी परवा कागद घेऊन येतील, तोवर हे मशीन इथेच राहील, बगीच्यातल्या ड्रायव्हरने हात बसवून घ्यावा. दिवाणजी माझ्याकडे बघून म्हणाले, पुढच्या आठवड्यापासून गवताला टोळी नको. संत्रा तोडायच्या वेळी बोलावू.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही विहिरीवरच्या आंब्याखाली बसायचो. बायांना कळलंच होतं. भाकरी मोडायचा आवाज तेवढा होता. आमच्यात गिरजाबाई सगळ्यात मोठी, पन्नाशीच्या पुढची. तिच्या जिभेला सगळे भ्यायचे, दिवाणजीसुद्धा. तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुले काय झालं वं? काम आमचं चाललं, तोंड तुहं काहून उतरलं?"

मी हळूच सगळं सांगितलं. पट्टी कशी दिसली, मी पेस्ट कशी लावली. ऐकून एक-दोघी हसायला लागल्या, मग थांबल्या.

"म्हणजे त्या मशीननं झाडं सोलली अन् तू त्याईले चोळी शिवून देली," गिरजाबाई म्हणाली. "आता जाय ना. सांग मालकाले."

मी म्हटलं, "मी सांगितलं तं म्हणतीन, बायाचं काम चाललं म्हणून बोलून राहिली."

"म्हणतीन तं म्हणू दे. खोटं हाय का?"

खरं सांगायचं तर माझं मलाच कळत नव्हतं, मला झाडांची चिंता आहे की कामाची. दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते, पाण्यात मोरचूद मिसळतो तसे. एक बाजूला काढता येत नव्हतं. आणि जोवर मला स्वतःला ते वेगळं करता येत नाही तोवर बापूसाहेबांसमोर कोणत्या तोंडाने जायचं?

जेवल्यावर मी तिथेच आडवी झाले. पानांतून ऊन झिरपत होतं, उकाडा होता, डोळा लागला. स्वप्नात मला ती नवीन झाडं दिसली. ती आपले निळे पाय उचलून बगीच्यातून बाहेर चालली होती. घाई नव्हती त्यांना. जत्रेहून परतताना लोक जसे थकून, एकमेकांना धरून चालतात, तशी ती धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालली होती. मी त्यांना हाका मारत होते, पण मला त्यांची नावं माहीत नव्हती. झाडांना कुठे नावं असतात? जागी झाले तेव्हा घामाने पदर ओला झाला होता आणि बाया कामाला निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी मशीन नाल्याच्या काठावर पाठवलं. तो काठ म्हणजे बगीच्याची सगळ्यात वाईट जागा. तिथे कुंदा माजायचा. कुंदा हे असं गवत की त्याचं पान हाताला ब्लेडसारखं लागतं. त्यात दगड, काटे, आणि साप. मागच्या वर्षी तिथेच गिरजाबाईचं बोट पेरापर्यंत चिरलं होतं. आम्ही त्या काठाला जायचं म्हणजे आधी काठीने गवत बडवत जायचो. ड्रायव्हरने मशीन घातलं. दगडांवर दोरी आपटून फटाफट वाजत होती, दोनदा तुटली, त्याने दोनदा नवीन लावली. पण संध्याकाळपर्यंत अर्धा काठ मोकळा झाला. आम्हाला त्याला चौदाजणी मिळून चार दिवस लागायचे. मी वरून उभी राहून बघत होते. मला ते मशीन वाईट म्हणता येईना. तिथे ते चांगलं होतं. वाईट ते चाळीस झाडांच्या ओळीत होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या ओळीत गेले. एका झाडाशी बसले. पदराचं टोक ओलं करून पेस्ट पुसली. खालची हिरवी पट्टी एका दिवसात तपकिरी झाली होती. मी बोटाने तिचा माग काढत गेले. झाडाच्या मागच्या बाजूने बोट फिरलं आणि निघालं तिथेच परत आलं. मध्ये कुठे साल लागली नाही. मग मी आणखी पाच-सहा झाडं पुसून पाहिली. काहींना एका बाजूने दोन बोटं साल उरली होती. काहींना नव्हती. मला गाडीच्या मागे चालणारे बापूसाहेब आठवले. तेव्हा मला कळलं की मी का बोलते आहे ते महत्त्वाचं नाही. माझ्या मनात काहीही असलं तरी सोललेलं झाड वाळायचं थांबणार नव्हतं. मी सगळ्या झाडांना पुन्हा पेस्ट लावली, कारण तेवढं तरी करायलाच पाहिजे होतं, आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी बापूसाहेब जीपमधून उतरले. तिवारीजी आधीच आले होते. विहिरीजवळ टेबल मांडलं होतं, त्यावर कागद होते. मी टेबलाच्या चार पावलं अलीकडे जाऊन उभी राहिले. हातात पाण्याची बादली आणि फडकं होतं. बापूसाहेबांनी पाहिलं आणि विचारलं, काय आहे. मला बोलता आलं नाही. मी वळले आणि ओळीकडे चालायला लागले. माझी तीच एक रीत होती. मागे पावलं वाजली तेव्हा मला कळलं की ते येताहेत.

पहिल्या झाडाशी मी बसले आणि फडक्याने बुंधा पुसला. मग दुसरा. मग तिसरा. निळं पाणी मातीत उतरत होतं आणि खालून तपकिरी कडी दिसत होती. सहाव्या झाडाशी बापूसाहेब माझ्या बाजूला मातीत बसले. धोतराला चिखल लागला. त्यांनी बोट लावलं आणि काल मी फिरवलं होतं तसंच गोल फिरवलं.

मग त्यांनी विचारलं, "हे झाकलं कोणी?"

"मीच."

"काहून?"

"हाताची सवय, साहेब. दिसलं की लावते."

दिवाणजी मागे उभे होते. ते सावकाश म्हणाले, "साहेब, एक बोलू? मशीन आलं तर वेणूबाईची टोळी घरी बसते. हे त्यांनाही माहीत आहे."

मला वाटलं होतं तेच ते बोलले. बापूसाहेब उठले नाहीत. खाली बसूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हणतेस मशीन घेऊ नको?"

आयुष्यात मी इतकं कधी बोलले नव्हते, म्हणून ते मला शब्दशः आठवतं. मी म्हटलं, "घ्या. हेच घ्या. नाल्याच्या काठाले हे पाहिजेच. धुऱ्याले पाहिजे, रस्त्याले पाहिजे, ओळीच्या मधातही चालते. तिथं आमच्या बायाचे हात कापतात. पण झाडाजवळ हे आणू नोका."

मग मी विळा काढला आणि त्या झाडाभोवती मातीत एक रेघ ओढली. हातभर अंतर ठेवून, पूर्ण गोल. म्हटलं, "मशीननं इथवर याचं. याच्या आतलं आमचं."

तिवारीजी मागोमाग आले होते. त्यांनीही वाकून बुंधा पाहिला होता. ते म्हणाले, "साहेब, मी शाळेचं मैदान, बंगले, असं काम केलेला माणूस. झाडाजवळ नेतो तेव्हा गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून नेतो. सालीचं मला खरंच माहीत नव्हतं." मला तो माणूस तेव्हा बरा वाटला. त्याला म्हणता आलं असतं, की हे मशीनने झालं नाही, विळ्याने झालं.

बापूसाहेब उठले. धोतराचा चिखल झटकला. एकच मशीन घेऊ म्हणाले. आणि दिवाणजींना सांगितलं की झाडाच्या हातभर आत कोणी ते नेलं तर त्याला बगीच्यातून काढून टाका. जाताना थांबून मला विचारलं, "यातली किती जगतील?"

मी म्हटलं, सांगता येत नाही.

चाळीसपैकी तेरा झाडं दोन वर्षांत वाळली. डिंक वाहिला, पानं पिवळी पडली, मग काटक्या. बाकीची सत्तावीस निभावली. उरलेल्या साडेपाचशेच्या वर झाडांना काही झालं नाही, ती पुढे बहरली. मी काम सोडलं तेव्हा एकेका झाडाला टेका द्यावा लागेल इतका संत्रा धरत होता. त्या ओळीत मात्र वाळलेल्या झाडांच्या जागी खिंडी राहिल्या. बापूसाहेबांनी तिथे नवीन झाडं लावू दिली नाहीत. असू दे तसंच म्हणाले.

मशीन चांगलं चाललं. नाल्याचा काठ, धुरे, रस्ता आणि ओळींची मधली जागा, एवढं सगळं त्याने घेतलं. आमच्याकडे झाडाभोवतीचं वर्तुळ राहिलं. वर्तुळ लहान असतं. पुढच्या वर्षी त्याला चौदा बाया लागत नव्हत्या, नऊ पुरत होत्या. कोणाला कमी करायचं हे दिवाणजींनी माझ्यावर सोडलं. मला ते करता येईना. दोन दिवस मी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि बंद केलं. तिसऱ्या दिवशी गिरजाबाई आपणहून आली आणि म्हणाली, मी जाते. तिची लेक भिवापूरला दिली होती. तिथे मिरचीचे देठ तोडायचं काम भरपूर असतं, बसून करायचं, बोट कापायची भीती नाही. तिचं पाहून आणखी चारजणी निघाल्या.

"झाडं वाचोली तू, बरं केलं," ती मला म्हणाली. "आता माह्यासाठी रडत नोको बसू. पेस्ट हाय ना तुह्याजवळ? लाव अन् पुढं जाय."

ती हसत होती. मी हसले नाही. ती फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी बघत होते. सकाळचं धुकं होतं, त्यात तिचं लुगडं थोडा वेळ दिसलं, मग नाही.

आता गावात ज्याच्या त्याच्याकडे गवताचं मशीन आहे. काही लोक अजून मला विचारायला येतात, बाई तुम्ही बगीच्यात होत्या, कोणतं घ्यावं. मला मशीनचं फार कळत नाही. मी एवढंच सांगते की घ्यायच्या आधी ते आपल्या जागेत एक दिवस चालवून बघा, आणि मग दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशी जाऊन नीट बघा. कापलेलं गवत तर सगळेच बघतात. जे कापायचं नव्हतं, ते बघा.